आत्मा उरला, तरी ती आईच असेल का?

वाचकाचं पत्र:

"आई जाऊन वर्ष होत आलं. ती शिक्षिका होती. शेवटची काही वर्षं तिला अल्झायमर होता आणि ती मला ओळखत नव्हती. संध्याकाळ झाली की म्हणायची, 'उशीर झाला, आता घरी जा बघू. तुझी आई वाट बघत असेल.' एके रात्री मी वैतागून नवऱ्याला म्हणाले, 'ही माझी आई नाहीच, ती कधीच गेली.' ते वाक्य आता फार टोचतं. दादा म्हणतो, आत्मा अमर आहे, आई आहेच, रडतेस कशाला? नवरा म्हणतो, मेंदू थांबला की सगळं थांबलं. दादाचं खरं मानावंसं वाटतं, पण मग प्रश्न पडतो की नेमकी कोणती आई उरली? मला शिकवणारी, की मला 'तुम्ही कोण' विचारणारी? ती मला ओळखेल का? कदाचित माझीच श्रद्धा कमी पडत असेल. आणखी एक. भाचा म्हणतो, आजीचे जुने व्हॉइस मेसेज आणि पत्रं घालून तिच्यासारखा बोलणारा चॅटबॉट करून देतो. करू द्यावं का?"

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. माणूस गेल्यावर काही उरतं का, हा एक. जे उरेल ते 'ती' असेल का, हा दुसरा. दादा पहिल्याचं उत्तर देतात, तुम्ही त्यात दुसऱ्याचं उत्तर शोधता, ते सापडत नाही आणि मग दोष स्वतःच्या श्रद्धेला देता. श्रद्धेचा इथे काही संबंध नाही. शंका रास्त आहे आणि फार जुनी आहे.

कठोपनिषदात नचिकेता थेट यमालाच विचारतो की मेलेल्या माणसाबद्दल काही म्हणतात तो आहे, काही म्हणतात तो नाही, खरं काय ते सांगा. आणि यम, ज्याचं हे रोजचं काम, तो चक्क टाळाटाळ करतो. देवांनाही यात शंका होती, विषय सूक्ष्म आहे, दुसरा एखादा वर माग, म्हणतो. हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य देऊ करतो. पोरगं हटत नाही म्हटल्यावर मग कुठे बोलायला लागतो. दादा एका वाक्यात निकाल लावत असतील, तर ते यमापेक्षा जरा घाईत आहेत. (हे त्यांना वाचून दाखवू नका.)

'ती मला ओळखेल का' हे तर मैत्रेयीचंच दुखणं. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेला तिचा नवरा याज्ञवल्क्य तिला आत्म्याबद्दल समजावत असतो आणि बोलता बोलता म्हणून जातो, 'न प्रेत्य संज्ञास्ति', गेल्यानंतर जाणीव राहत नाही. मैत्रेयी तिथेच थांबवते त्याला. म्हणते, इथे तुम्ही मला गोंधळात टाकलंत. मग तो उलगडून सांगतो की जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, जाणतो. सगळं आत्माच झालं, तर कोण कोणाला कशाने जाणणार? अद्वैताच्या वाटेने गेलं तर उत्तर इथे पोचतं. जे अमर आहे ते कुणाची आई नाही, कुणाची मुलगी नाही. ते उदात्त आहे, हे मला पटतं. पण आईच्या खुर्चीकडे बघत बसलेल्या माणसाला ते सांगून 'आता रडू नकोस' म्हणायचं, हे काही पटत नाही.

सगळेच असं म्हणत नाहीत, हेही खरं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या भारतीय विचारपरंपरेत, प्रत्येकाचा आत्मा वेगळा. त्याच्या बाजूने नैयायिकांनी, म्हणजे या परंपरेतल्या पंडितांनी, केलेला एक युक्तिवाद मला नेहमी आवडत आलाय. एखादी वस्तू मी आधी डोळ्यांनी पाहतो, मग हाताने चाचपतो आणि म्हणतो, 'जी पाहिली तीच ही.' डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही, मग 'तीच ही' म्हणणारा कोण? दोन्ही अनुभव ज्याचे, तो आत्मा. पण तुमच्या दृष्टीने इथे एक अडचण आहे. हा सगळा पुरावा ओळखीवर उभा आहे, आणि ओळखणं हेच तर तुमच्या आईचं गेलं होतं. शिवाय याच नैयायिकांच्या मोक्षात ज्ञान, सुख, दुःख यांतलं काहीच शिल्लक राहत नाही. विरोधकांनी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली, की हा मोक्ष म्हणजे दगड होणंच झालं.

नेमका हाच पेच इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली फार रोखठोक मांडला. समजा तुमच्यात आज जो आत्मा आहे तोच कधीकाळी ग्रीक कथांतल्या ट्रॉयच्या युद्धातल्या नेस्टरमध्ये होता. पण नेस्टरने केलेलं, सोसलेलं काहीही तुम्हाला आठवत नाही. मग तुम्ही नेस्टर आहात का? लॉक म्हणतो, मुळीच नाही. नेस्टरच्या शरीरातले काही कण तुमच्या शरीरात आले असते तरी तुम्ही नेस्टर झाला नसता, तसंच हे. आत्मा तोच असणं वेगळं आणि माणूस तोच असणं वेगळं. माणूस तोच राहतो तो जाणिवेच्या, आठवणींच्या सलगपणामुळे.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतं. लॉकचं मानलं तर आई श्वास थांबण्याच्या कितीतरी आधी गेली. शेवटच्या वर्षांत घरात जी वावरत होती ती दुसरीच कुणी. म्हणजे त्या रात्री तुम्ही जे बोललात ते खरंच ठरतं, आणि म्हणून ते इतकं टोचतं.

ते खरं नव्हतं, असं माझं मत आहे. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

लॉकच्या म्हणण्यात एक भगदाड आहे आणि ते स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने १७८५ साली दाखवलं. एक मुलगा बागेत चोरी करून मार खातो. मोठा होऊन तो अधिकारी होतो, लढाईत शत्रूचा झेंडा काबीज करतो. तेव्हा त्याला लहानपणचा मार आठवत असतो. म्हातारपणी तो सेनापती होतो. त्याला झेंडा आठवतो, पण मार साफ विसरलेला असतो. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही! हिशेब कुठेतरी चुकलाय हे उघड आहे. आठवण हा माणूस ओळखण्याचा एक धागा आहे, पण एकुलता एक नाही. आपण सगळेच आपल्या आयुष्याची पहिली काही वर्षं विसरलेलो असतो आणि तरी ते रांगणारं मूल म्हणजे आपणच, याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते.

मग दुसरा धागा कोणता? इथे मला फिनिअस गेज आठवतो. अमेरिकेत रेल्वेच्या कामावरचा मुकादम. १८४८ साली सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून घुसून डोक्याच्या वरून बाहेर पडली. माणूस वाचला. चालू-बोलू लागला, लोकांना ओळखत होता, जुनं सगळं आठवत होतं. आणि तरीही त्याला ओळखणारे म्हणू लागले की हा आता गेज राहिलेला नाही. कारण आधीचा नेमस्त, जबाबदार माणूस जाऊन शिवराळ, धरसोड करणारा, कुणाचं न ऐकणारा कुणी त्याच्या जागी आला होता. (हा बदल कायमचा होता असं सर्रास सांगतात, पण पुढे तो चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता आणि ते काम धरसोड्या माणसाचं नव्हे. म्हणजे गेज बराचसा परतही आला असावा.)

गेजची स्मृती शाबूत होती, तरी लोक म्हणाले हा तो नाही. हे तुमच्या आईच्या बरोबर उलटं आहे. २०१५ साली नीना स्ट्रोमिंजर आणि शॉन निकल्स या संशोधकांनी मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या ऱ्हासाचे आजार असलेल्यांच्या घरच्या माणसांना विचारलं की तुमचा माणूस तुम्हाला अजूनही 'तोच' वाटतो का? अल्झायमरही त्यात होता. परकेपणा सगळ्यात जास्त कशामुळे वाटला, तर विसरण्यामुळे नाही. दया, प्रामाणिकपणा, आपुलकी अशा गोष्टींत बदल झाला तिथे घरच्यांना माणूस हरवल्यासारखा वाटला. नुसत्या स्मृतिभ्रंशाने तेवढं वाटलं नाही.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. ती काय म्हणत होती? 'उशीर झाला, आता घरी जा बघू. तुझी आई वाट बघत असेल.'

ताई, समोर बसलेली बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला मुलगी आहे हे तरी त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण अंधार पडतोय, कुणाची तरी मुलगी अजून इथे बसली आहे आणि तिची आई घरी काळजीत असेल, हे तिला सुचत होतं. नाव, नातं, चेहरा सगळं पुसलं गेलं आणि आईपण तेवढं जाग्यावर राहिलं. शाळेत वर्षानुवर्षं मुलांना वेळेवर घरी पिटाळलेली शिक्षिका त्यात आहे, हे मी सांगायला नको. 'मला शिकवणारी की मला न ओळखणारी' अशा दोन आया तुम्ही समोरासमोर उभ्या केल्यात. मला तुमच्या पत्रात एकच दिसते. आजाराने तिचं पुष्कळ काही नेलं आणि जे नेलं नाही त्यावर ती चालत राहिली.

तेव्हा त्या रात्रीच्या वाक्याबद्दल. ते तुम्ही दमून बोललात, नवऱ्याशी बोललात, आईशी नाही. अल्झायमरच्या माणसाची सेवा केलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ते कधीतरी निघतं. ज्यांच्या निघत नाही ते बहुधा मनात म्हणतात. तुम्हाला ते माणूस परकं झाल्याचं दुःख होत होतं, म्हणजे ते परकं झालं नव्हतं. परक्या बाईने ओळखलं नाही म्हणून कुणी रात्री रडत बसत नाही.

आणि तुमचं तिथे जाऊन बसणं वाया गेलं असंही समजू नका. २०१४ साली आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना, कुणाला तर आपण काही पाहिलं हेच आठवेना. पण त्यातून आलेली भावना, उदास किंवा प्रसन्न, मागे रेंगाळत होती. कोण आलं होतं हे आई विसरत असेल. कुणीतरी आलं, हात धरून बसलं, याचं बरं वाटणं तुम्ही दारातून बाहेर पडल्यावरही तिच्याजवळ राहत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

दादांवर एवढं लिहिलं, तर नवऱ्याकडेही वळायला हवं. मेंदूवर घाला पडला की स्मृती, स्वभाव, भाषा ढासळतात, हे तुम्ही रोज डोळ्यांनी पाहिलंत. मेंदूच्या थोड्या भागाच्या ऱ्हासाने इतकं जात असेल, तर तो संपूर्ण थांबल्यावर सगळं शाबूत राहील असं मानायला आधार शोधावा लागतो, आणि तो मला सापडलेला नाही. आत्मा शरीराहून अगदी वेगळा आहे म्हणणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ सालीच पत्रातून विचारलं होतं की ज्याला आकारमानच नाही असा आत्मा शरीराला हलवतो तरी कसा? देकार्तने उत्तरं लिहिली, पण तिचं समाधान झालं नाही, आणि त्यानंतरच्या बऱ्याच जणांचंही झालेलं नाही.

मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांचे अनुभव लोक पुराव्यादाखल सांगतात. त्यावर २०१४ साली एक मोठं काम प्रसिद्ध झालं. हृदय बंद पडण्याचे २०६० प्रसंग, वाचलेल्यांपैकी १०१ जणांच्या सखोल मुलाखती. शरीराबाहेर पडून कुणी वरून बघत असेल तर दिसावीत अशी चित्रं रुग्णालयांत उंच फळ्यांवर ठेवली होती. ती कुणीच पाहिली नाहीत. पण बहुतेक प्रसंग फळी नसलेल्या खोल्यांत घडले, म्हणजे परीक्षा नीट झालीच नाही. शिवाय परत आलेल्यांचे मेंदू परत आलेले होते. जे गेले त्यांच्याबद्दल यातून काय कळणार?

म्हणून विचाराल तर, माणूस आपल्या आठवणी आणि नाती घेऊन मृत्यूपलीकडे जातो असं मला वाटत नाही. पण तुमचे यजमान जितक्या ठामपणे बोलतात तितकं ठाम मला होता येत नाही. मुळात मेंदूतल्या हालचालीतून 'मला वाटतं' हे नेमकं कसं उगवतं, याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून कुणाकडे नाही. मिलिंदपन्ह या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? दोन आहेत का? आणि एका जन्मातून दुसऱ्यात जाणाऱ्याबद्दल त्याचं उत्तर आहे, 'न च सो, न च अञ्ञो', तोही नाही आणि दुसराही नाही. मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटत नाही. काही प्रश्नांना हो-नाहीच्या दोनच खिडक्या ठेवल्या की आपण विनाकारण अडून बसतो.

दादांशी वाद घालू नका. त्यांनीही आई गमावली आहे आणि 'आत्मा अमर आहे' हे कदाचित ते तुमच्यापेक्षा स्वतःला जास्त सांगत असतील. फक्त 'रडू नकोस' एवढं वगळायला सांगा. आत्मा अमर मानणारेही रडतातच. घरातलं एक माणूस रोज समोर दिसायचं ते दिसत नाही, हे दुःख परलोकाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. तो निकाल लागल्यावर तुमचं दुःख हलकं होईल, असंही मला वाटत नाही. आणि ते वाक्य इतकं टोचतंय हे नवऱ्याला एकदा सरळ सांगा. ज्याच्यापाशी बोललात त्याने ते कधीच विसरून टाकलं असेल. झोप, काम, जेवणखाण यांवर परिणाम होत असेल, तर मात्र समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.

आता भाच्याचा चॅटबॉट. पोराचा हेतू चांगला आहे. तरी मी म्हणेन, सध्या नको.

ती आई नसेल, हे तर तुम्हालाही कळतं. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९५० च्या दशकात एक कल्पना मांडली. एक माणूस सकाळी उठून म्हणू लागतो की मी गाय फॉक्स, म्हणजे ब्रिटिश संसद उडवून देण्याच्या १६०५ सालच्या कटातला तो गाजलेला माणूस, आणि त्याच्या आठवणी तंतोतंत जुळतात. ठीक. पण त्याच सकाळी त्याचा भाऊही उठून तेच म्हणू लागला आणि त्याच्याही आठवणी जुळल्या तर? दोघेही गाय फॉक्स असू शकत नाहीत. मग आठवणी जुळतात एवढ्यावरून पहिला तरी गाय फॉक्स कसा ठरला? भाच्याचा प्रोग्राम दहा फोनवर एकाच वेळी चालेल. तुमच्याकडे एक, दादांकडे एक, आणि दोघांशी एकाच वेळी वेगवेगळं बोलेल.

पण मला खरी काळजी दुसरीच आहे. आई कधी बोलली नाही ती वाक्यं तो तिच्या आवाजात बोलेल. तुम्ही विचाराल, 'आई, तू माझ्यावर रागावली होतीस का?' आणि तो गोड उत्तर देईल, कारण गोड उत्तर देण्यासाठीच तो बांधलेला असतो. सहा महिन्यांनी त्यातलं आईचं काय आणि यंत्राचं काय हे तुमचं तुम्हालाच निवडता येणार नाही. तिची खरी वाक्यं मोजकी आहेत आणि त्यांत आता भर पडायची नाही. त्यात भेसळ होऊ देऊ नका. शिवाय तो चॅटबॉट बनणार आजाराआधीच्या पत्रांमधून आणि मेसेजमधून. तो तुम्हाला दर वेळी न चुकता ओळखेल. म्हणजे शेवटच्या वर्षांतली आई गाळून टाकायचं काम, जे तुम्हाला इतकं टोचतंय, ते भाचा अजाणता तडीस नेईल.

त्याच्या हाताला काम हवंच असेल तर द्या. सगळे व्हॉइस मेसेज जसेच्या तसे उतरवून घेऊ दे, तारखा लावू दे, पत्रांचे फोटो काढू दे आणि सगळं दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवू दे. कुणी एखाद्या प्रसंगी फोनवर तिचं शेवटच्या वर्षांतलं काही टिपलं असेल, तर तेही त्यात घालायला सांगा. ऐकायचं कधी, ते तुमचं तुम्ही ठरवा. वर्षभरानंतरही चॅटबॉट हवासा वाटला, तर दादांशी बोलून ठरवा. त्यांचीही ती आई आहे, आणि तिच्या आवाजाचं काय करायचं याचा निर्णय एकट्या तुमचा नाही.